ध्रुवाला विचारलं असतं तरी चाललं असतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतलं ‘पृथ्वी गोल की सपाट : दोन्ही बाजू’ हे पान वाचलं आणि समोरचा चहा गार झाला. डावीकडे सपाटवाले, उजवीकडे गोलवाले आणि मधोमध तराजूचं चित्र. तराजू अगदी समतोल, काटा तसूभरही इकडेतिकडे नाही. चित्रकाराचा हात चांगला आहे.

मला सपाटवाल्यांचा फारसा राग आला नाही. त्यांचा मजकूर निदान आकडे देऊन लिहिला होता. सूर्य पाच हजार किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या तबकडीवर तो दिव्यासारखा फिरतो, लांब गेला की दिसेनासा होतो आणि त्यालाच आपण मावळणं म्हणतो. ध्रुवतारा तेवढ्याच उंचीवर, तबकडीच्या बरोबर मध्यावर टांगलेला. हे चूक आहे, पण हिशेब मांडून तपासता येईल असं चूक आहे. राग आला तो आपल्या बाजूच्या वकिलाचा. दोन कॉलम मिळाले आणि त्यात लिहिलं काय, तर अवकाशातून काढलेले फोटो, ‘जगभरच्या शास्त्रज्ञांचं एकमत’ आणि शेवटी ‘एकविसाव्या शतकात असले विचार शोभत नाहीत’. अहो, जो फोटोच खोटे म्हणतोय त्याला फोटो दाखवून काय होणार? आख्ख्या मजकुरात या गृहस्थांनी एकदाही मान वर करून आभाळ पाहिलेलं नाही.

त्यात नववीतला नातू ते पान घेऊन माझ्याकडे आला. “आजोबा, तुम्ही इतकी वर्षं जहाजावर होता, कधी कड लागली का हो?” चेष्टेतच विचारलं त्याने. पण मी एकतीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, त्यातली बरीचशी हातात सेक्स्टंट, म्हणजे सूर्य-तारे क्षितिजापासून किती अंश वर ते मोजायचं यंत्र, घेऊन. आमच्या बाजूने बोलायला तुम्हाला फोटोवालाच मिळावा, हे मनाला लागलं.

आता हिशेब. २१ मार्चला विषुववृत्तावर उभे राहा. दुपारी सूर्य डोक्यावर. संध्याकाळी सहाला सपाटवाल्यांच्या नकाशाप्रमाणे तो तुमच्यापासून सरळ रेषेत चौदा हजार किलोमीटरवर असतो, उंची तीच पाच हजार. कोन काढा. क्षितिजापासून एकोणीस-साडेएकोणीस अंश वर येतो. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात, म्हणजे मावळतीच्या वेळी सूर्य अजून दोन मुठी वर असायला हवा. आणि अंतर तिप्पट झाल्यामुळे तो दुपारच्या एक तृतीयांश दिसायला हवा. गणपतीपुळ्याला रोज संध्याकाळी एवढी माणसं सूर्यास्त बघायला उभी असतात, लिंबाएवढा झालेला सूर्य दोन मुठी वर विझताना एकाने तरी पाहिलाय का? काळी काच लावून सेक्स्टंटने मोजा, दुपारी बत्तीस कला (साठ कलांचा एक अंश) आणि संध्याकाळीही बत्तीस कला. (आडवा मोजायचा. क्षितिजाशी हवेमुळे तो उभ्यात जरा चपटा दिसतो.)

एक गोष्ट सपाटवाल्यांची मान्य करतो. दिसेनासं झालेलं जहाज दुर्बिणीतून पुन्हा दिसतं, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. डोळ्यांना बारीक झालेलं जहाज दुर्बिणीत मोठं होणारच. पण ज्याचं अंग क्षितिजाखाली गेलंय आणि नुसत्या डोलकाठ्या वर उरल्यात, त्याचं अंग कुठलीही दुर्बीण परत आणत नाही. रात्री दीपगृहाच्या दिव्याशी आम्ही हा खेळ करायचो. ब्रिजच्या, म्हणजे जिथून जहाज चालवतात त्या मजल्याच्या, कडेला उभं राहिलं की क्षितिजावर दिवा लागलेला दिसतो. गुडघे वाकवून खाली बसलात की दिवा गेला. उभे राहिलात की आला. हे ज्या अंतरावर होतं तिथून दीपगृह किती मैलांवर आहे ते कोष्टकात मिळतं, आणि पुढच्या तासाभरात ते अंतर खरं निघतं.

ध्रुवाचं सांगायचं तर १९७८ साली मी डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी होतो. जहाज मुंबईहून ऑस्ट्रेलियाला, फ्रीमँटलला निघालं होतं. सेकंड मेट, म्हणजे आमचा वरचा अधिकारी, गोव्याचा होता. संधिप्रकाशात तारेही दिसतात आणि क्षितिजाची रेघही, ती पंधरा-वीस मिनिटं साईट घ्यायची, म्हणजे ताऱ्यांची उंची मोजायची असतात. पहिल्या संध्याकाळी त्याने माझ्या हातात सेक्स्टंट दिला आणि म्हणाला, “ध्रुवापासून सुरुवात कर, तो सगळ्यात गरीब.” ध्रुव क्षितिजापासून जितका वर तितकं आपलं अक्षांश. अगदी तंतोतंत नाही, तो तेव्हा खऱ्या ध्रुवबिंदूपासून पाऊण-एक अंश बाजूला होता, तेवढं अल्मनॅक, म्हणजे खलाशांचं पंचांग, बघून दुरुस्त करायचं. मुंबईत एकोणीस अंश होता. मग रोज साडेतीन-चार अंशांनी खाली. पंधरा. अकरा. मी रोज पेन्सिलीने वहीत मांडत होतो आणि रोज तो तितकाच उतरत होता, जिना उतरावा तसा. चौथ्या संध्याकाळी जेमतेम चार अंशांवर, तोही धुरकट. सेकंड मेट म्हणाला, “बघून घे रे, उद्या नाही मिळायचा.” पाचव्या संध्याकाळी नव्हताच. अढळपदाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मुलाला ते कसं वाटलं असेल! मी उत्तरेला तोंड करून उगाच उभा राहिलो, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, आता पाठीमागे वळ.

डाव्या बाजूच्या लेखकाने या जागी उत्तर द्यावं. त्याच्या हिशेबाने मुंबईत ध्रुव बत्तीस अंशांवर दिसायला हवा आणि विषुववृत्तावर साडेसव्वीस अंशांवर. तो कधी मावळायलाच नको! आम्हाला मुंबई बंदरात बत्तीस अंश मिळाले असते, तर कोष्टकाप्रमाणे आमचं जहाज पाकिस्तानात सरगोध्याजवळ नांगरलेलं निघालं असतं. पाच हजार किलोमीटर उंची कुठून आली तेही सांगतो. पंचेचाळीस अक्षांशावर ध्रुव पंचेचाळीस अंश वर दिसतो आणि तिथून ध्रुवापर्यंतचं जमिनीवरचं अंतर पाच हजार किलोमीटर आहे, म्हणून. त्या एका गावी हिशेब जुळवून घेतलाय. दुसऱ्या गावी गेलं की फाटतो.

पाठीमागे होता त्रिशंकू, दक्षिणेकडचा तारकासमूह. आपल्याकडे तो दक्षिणेला खाली खाली लोळतो, तिकडे चांगला वर चढतो. उत्तरेला तोंड करून उभं राहिलं की तारे ध्रुवाभोवती घड्याळाच्या उलट फिरतात. फ्रीमँटलला दक्षिणेकडे बघितलं की घड्याळाप्रमाणे फिरतात, आणि ज्या बिंदूभोवती फिरतात तो डर्बनहूनही दक्षिणेलाच दिसतो आणि ब्वेनोस आयरेसहूनही. सपाट नकाशावर या तीन बंदरांची दक्षिण तीन वेगळ्या दिशांना, बाहेरच्या कडेकडे जाते. एकच बिंदू तिन्हीकडे कसा दिसणार? आणि त्या कडेला बर्फाची भिंत आहे म्हणे. त्याच ‘भिंती’वर, म्हणजे अंटार्क्टिकावर, आपलं मैत्री केंद्र आहे, १९८९ पासून. तिथे उन्हाळ्यात दोन महिन्यांहून जास्त सूर्य मावळत नाही. तबकडीच्या मधोमध फिरणारा दिवा कडेच्या माणसाला चोवीस तास कसा दिसतो, हे विचारायला तुमच्या प्रतिनिधीला परदेशी जायची गरज नव्हती. तिथे राहून आलेले लोक आपल्याच देशात आहेत.

त्या सफरीहून घरी आल्यावर आईला सांगितलं की तिकडे चंद्रावरचा ससा उलटा दिसतो. ती म्हणाली, “डोकं खाली, पाय वर? मग पडत कसा नाही?” ती चौथी शिकलेली. तुमच्या उजव्या कॉलमात नव्हता असा प्रश्न तिने एका दमात विचारला.

आणि हे सगळं ‘पाश्चात्त्य विज्ञान’ असं दोन्ही कॉलमांत कसं काय आलं? भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’त नेमकं हेच विचारलंय. पृथ्वी आरशासारखी सपाट असेल आणि सूर्य तिच्यावर फिरत असेल, तर तो लांब गेला तरी देवांना दिसतो तसा माणसांनाही का दिसत नाही? मेरू पर्वताआड जाऊन रात्र होते म्हणता, तर मध्ये उभा असलेला मेरू का दिसत नाही, आणि मेरू उत्तरेला असताना सूर्य दक्षिणेकडे सरकून उगवतो तो कसा? पृथ्वी सपाट का वाटते तेही सांगितलंय. परिघाचा शंभरावा भाग सरळच दिसतो, पृथ्वी प्रचंड आणि माणूस इवलासा. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातवाने मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे. तुमची जळगाव आवृत्ती तिथे जात असेलच.

वाचकांना स्वतः बघायचं असेल तर फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला अगस्तीचा तारा बघा. आमच्याकडे रत्नागिरीला दोन मुठी वर असतो. त्याच सुमारास कुणी श्रीनगरला जाणार असेल तर तिथे बघा, फार तर दोन बोटं, तीही समोर डोंगर नसेल तर.

सकाळी तुमच्या कार्यालयात फोन केला होता. एक मुलगा बोलला, अदबीने बोलला. “काका, दोन्ही बाजू द्याव्या लागतात.” मी विचारलं, उद्या दोन अधिक दोनच्या दोन्ही बाजू देणार का? तो म्हणाला, मेल करा. मेल करायला नातू लागतो आणि नातू सध्या माझ्यावर हसतोय, म्हणून हे पोस्टाने. सपाटवाल्यांशी थेट वाद घालणार नाही. १८७० साली वॉलेससारख्या मोठ्या निसर्गशास्त्रज्ञाने पाचशे पौंडांची पैज घेऊन इंग्लंडमधल्या एका कालव्यावर पाण्याचा बाक दाखवून दिला. पैज जिंकला आणि पुढची कित्येक वर्षं समोरच्याच्या शिव्यांची पत्रं आणि कोर्टकचेऱ्या यांत गेली. माझ्याकडे तेवढी वर्षं नाहीत.

तुमच्याच दुसऱ्या पानावर रोज सूर्योदयाची वेळ असते, तेवढी बघा. आमच्या रत्नागिरी आवृत्तीत तुम्ही मुंबईची छापता. डिसेंबरात आमच्याकडे सूर्य मुंबईच्या चार-पाच मिनिटं आधी उगवतो आणि जूनमध्ये दोनेक मिनिटं उशिरा. हा उलटफेर कशाने होतो ते तुमच्या उजव्या बाजूच्या लेखकाला विचारा. फोटो न दाखवता सांगायला सांगा.

आपला,
एक निवृत्त चीफ ऑफिसर
जयगडजवळ, जि. रत्नागिरी

ता. क. : सूर्योदयाखाली भरती-ओहोटीच्या वेळा असायच्या. तो चौकोन काढून तुम्ही राशिभविष्य दीडपट केलंत. आमचं त्यावाचून अडत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे इथे पोरांनाही येतं. पण तुमचा अंक घेऊन पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांना येत नाही. ते गाड्या सरळ पुळणीवर घालतात आणि पाणी चढायला लागलं की आम्हाला हाका मारतात. गेल्या रविवारी दोन काढल्या, दोर लावून.