डायलिसिसच्या पेशंटचं तोंड कोण बघणार?

संपादक महोदय, नमस्कार.

किडनीच्या आजारावर पेपरात बरंच छापून येतं पण या पेशंटच्या दातांबद्दल कुठं काही वाचायला मिळत नाही म्हणून लिहितेय. माझ्या मिस्टरांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. सेंटरवर वजन, बीपी, पायाची सूज सगळं बघतात, पण तोंड उघडा असं कोणी म्हणत नाही आणि रात्री झोप लागते का हेही कोणी विचारत नाही.

या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे. पाणी मोजून प्यायचं असल्यामुळे तोंड सारखं कोरडं, लाळ कमी झाली की दात किडायला लागतात. त्यात टेन्शन. नोकरी टिकेल का, मुलीची फी कशी भरायची हे डोक्यात घेऊन माणूस झोपतो आणि रात्रभर करकर दात खातो. कायम टेन्शन असलं की शरीरात कॉर्टिसॉल हे टेन्शनचं हार्मोन वाढलेलं राहतं आणि हिरड्यांची जंतूंशी लढायची ताकद कमी होते. मन खचलं की ब्रश हातात घ्यावासा वाटत नाही, कोणी तंबाखू, कोणी मिश्री जवळ करतं. बऱ्याच जणांना शुगर पण असते, ती वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या सुजल्या की शुगर आवरत नाही.

किडनी बाहेर टाकू शकत नाही तो रक्तातला युरिया लाळेत उतरतो त्यामुळे तोंडाला अमोनियासारखा वास येतो. मिस्टर तोंडावर रुमाल धरून बोलायचे, आता पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसतात. हे बघवत नाही हो.

ट्रान्सप्लांटच्या आधी मात्र तोंडात इन्फेक्शन नाही असं डेंटिस्टकडून लिहून आणायला सांगतात, तेव्हा सगळ्यांची धावपळ. तोपर्यंत चार दात हलायला लागलेले असतात. डायलिसिसमध्ये रक्त पातळ ठेवायला हेपरिन देतात म्हणून दात काढायचा तर शक्यतो दुसऱ्या दिवशी, हे किडनीच्या आणि दातांच्या डॉक्टरांनी आपसात बोलून ठरवायला हवं, पेशंटने निरोप्या का व्हायचं?

मुंबई, नागपूर, संभाजीनगरला सरकारी डेंटल कॉलेजं आहेत. तिथल्या विद्यार्थ्यांना महिन्यातून एकदा जवळच्या डायलिसिस सेंटरवर पाठवा, सोबत एक समुपदेशक द्या. पेशंट चार तास बेडवरच असतो, वेगळी अपॉइंटमेंट नको की रिक्षाचं भाडं नको. आरोग्य खात्यापर्यंत हे पोचावं म्हणून कृपया छापा.

एक वाचक, सांगली