आप्पा, तुमचं १५८७ रेटिंग इथे हवंय

सुवा, फिजी
१० सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आप्पांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी मी इथून रोज बघत होते. पाणी आपल्या गल्लीत शिरलं नाही असं मधूने फोनवर सांगितलं, तेव्हा कुठे जेवण गोड लागलं. आईला सांगा, इथल्या बाजारात अळूची पानं ढिगाने मिळतात, रोरो म्हणतात त्यांना. इथले लोक ती नारळाच्या दुधात शिजवतात. मी चिंच-गूळ घालून आपलं फदफदं करते आणि शेजारच्या बाईंनी ते दोनदा मागून नेलंय.

आता तुमचा प्रश्न. बेटांच्या बुद्धिबळ समितीची बिनपगारी सचिव म्हणजे तू नक्की करतेस काय? खरं सांगू, बुद्धिबळ सगळ्यात कमी. बाकी वेळ विमानांची वेळापत्रकं, बँकेच्या पावत्या आणि रविवार यांत जातो.

फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाच्या, नकाशात आम्ही झोन ३.६. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि त्यांच्या जोडीला पॅसिफिकमधली बेटं. आम्हाला वेगळा खंड नाही, आशियाच्या पदराखालीच बसवलंय. आमची समिती फक्त छोट्या बेटांपुरती. नुसत्या फिजीचीच बेटं तीनशे तीसच्या वर. किरिबाटीची ३३, पण पूर्व-पश्चिम इतकी लांबवर पसरलेली, की अर्ध्या देशात रविवार आणि अर्ध्यात सोमवार असायचा. शेवटी १९९५ साली त्यांनी वाररेषाच वाकवून घेतली. सामोआने २०११ च्या डिसेंबरात ३० तारखेचा अख्खा शुक्रवार कॅलेंडरातून उडवला आणि रेषेच्या या बाजूला आला. शेजारचं अमेरिकन सामोआ राहिलं पलीकडेच. दोन्हीकडे घड्याळात तेच वाजलेले असतात, वार मात्र वेगळा. त्या दोघांची ऑनलाइन मॅच ठरवताना नुसतं ‘शनिवारी चारला’ लिहिलं की भांडण ठरलेलं.

रविवारचं तर विचारूच नका. टोंगाच्या राज्यघटनेतच लिहिलंय की रविवार पवित्र पाळायचा. दुकानं बंद, खेळ बंद. म्हणून शनिवार धरावा, तर फिजीत आणि सॉलोमनमध्ये अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाची कितीतरी मुलं आहेत, त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, शनिवारी. गंमत म्हणजे टोंगातले अ‍ॅडव्हेंटिस्ट वाररेषेच्या हिशेबाने रविवारच पाळतात! सांगलीत शनिवार-रविवार जोडून सात राऊंड उरकणारे आपण. इथे शाळांच्या सुट्टीतले सोमवार ते गुरुवार शोधावे लागतात, आणि तेही नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा मोसम टाळून.

मध्यंतरी ओवालाऊ बेटावर गेले होते. सुवाहून बसने नातोवीच्या धक्क्यावर, तिथून फेरीबोट, पलीकडे पुन्हा बस. गावात शिरताना आधी मुखियापुढे यांगोनाच्या मुळांची जुडी ठेवायची (त्याचं पेय करतात, बाहेर त्याला कावा म्हणतात), याला सेवुसेवु म्हणतात. त्याशिवाय गावात काही करायचं नाही. मग सभागृहात चटया अंथरल्या आणि पट जमिनीवरच मांडले. खुर्च्या नव्हत्याच. मुलं मांडी घालून, नाहीतर पालथी पडून खेळत होती. एक दहा-अकरा वर्षांची मुलगी प्रत्येक चालीआधी हात पाठीमागे बांधून बसायची. कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणाली, हात मोकळे ठेवले की ते आधी खेळतात. कोपऱ्यात मोठी माणसं तानोआ नावाच्या लाकडी पात्राभोवती यांगोना पीत बसलेली. करवंटीचा प्याला समोर आला की एक टाळी, एका दमात पिणं, मग तीन टाळ्या. तो प्याला फिरत फिरत खेळणाऱ्यांपर्यंत आला आणि एका मास्तरांनी घड्याळ चालू असताना तो घेतला. प्रतिस्पर्ध्याने माझ्याकडे बघितलं. फिडेच्या नियमांत याचं उत्तर सापडेना, तेव्हा मीच निर्णय दिला की डाव संपेपर्यंत प्याला पुढे सरकवायचा. मुखियांना तो मान्य झाला, मास्तरांना नाही. जीभ बधिर झाल्यावर त्यांनी वजीर फुकट दिला, हा भाग वेगळा.

सामानाचे हाल मात्र बघवत नाहीत. खाऱ्या हवेने घड्याळांचे बॅटरीचे कप्पे हिरवे पडतात. लाकडी पट फुगतात. गुंडाळायचे रेक्झिनचे पट आणि प्लास्टिकच्या सोंगट्या तेवढ्या टिकतात.

पैशाचं तुम्हाला पटणार नाही. फिजीचा डॉलर वेगळा, सॉलोमनचा वेगळा, टोंगाचं पांगा, वानुआतूचं वातू, सामोआचं ताला. नाऊरू, तुवालू, किरिबाटीत ऑस्ट्रेलियन डॉलर, पलाऊत अमेरिकन. एखाद्या मुलाची प्रवेश फी बँकेतून मागवायची, तर कमिशन फीपेक्षा जास्त. म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पाकिटं येतात, वर मुलाचं नाव आणि रक्कम. मी पेशाने हिशेबनीस, आणि खतावणी आहे पाकिटांची.

प्रवासाचंही तसंच. फिजीहून पलाऊ म्हणजे आधी होनोलुलू, मग ग्वाम, मग पलाऊ. पश्चिमेला जाण्यासाठी आधी पूर्वेला उडायचं. ऑस्ट्रेलियामार्गे जावं, तर आपल्या पासपोर्टवर ट्रान्झिट व्हिसा लागतो. ऑनलाइन लीग करा, असं लांबून सांगणारे पुष्कळ भेटतात. जानेवारी २०२२ मध्ये टोंगाजवळचा ज्वालामुखी फुटला, समुद्राखालची केबल तुटली आणि देश महिनाभर जवळजवळ इंटरनेटविना राहिला. शिवाय ऑनलाइन डावांनी फिडेचं नेहमीचं रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा, मिळत नाही, ते नाहीच.

तुम्ही लिहिलंत की एखादा ग्रँडमास्टर बोलवा, मुलांना हुरूप येईल. हुरूप येतो, नाही असं नाही. तीस जणांशी एकदम खेळतो, फोटो निघतात, आणि तो विमानात बसला की मुलं पुन्हा त्याच चौघांशी खेळत बसतात. फिडेत एका देशाला एक मत, भारताला एक आणि अठरा हजार वस्तीच्या पलाऊलाही एकच. त्यामुळे निवडणूक जवळ आली की आपल्याकडच्या झेडपीसारखी सगळ्यांना एकदम वाडीवस्ती आठवते. पण मताने रेटिंग मिळत नाही. माझं डोकं खातो तो हाच प्रश्न.

हे जरा नीट वाचा. ज्याला रेटिंग नाही, त्याला ते मिळवायला रेटिंग असलेल्यांशी निदान पाच डाव खेळावे लागतात. सांगलीत ही अट कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण तिथे निम्मी पोरं रेटेड. पण ज्या बेटावर कुणालाच रेटिंग नाही, तिथे जन्मभर आपसात खेळलात तरी कुणालाच मिळणार नाही. खेळ कितीही पक्का असो, कागदावर शून्य. मग तिथला एखादा मुलगा झोनलला, म्हणजे आमच्या झोनच्या स्पर्धेला, जातो, बिनरेटिंगचा म्हणून यादीत तळाला लागतो, पहिल्याच राऊंडला सिडनीच्या एखाद्या तयार पोराशी पडतो, हरतो आणि घरी येऊन खेळ सोडतो. इथली पोरं कच्ची आहेत असं लोक म्हणतात. माझ्या मते पोरं कच्ची नाहीत, त्यांना समोर बसायला माणूस नाही.

सुवात परिस्थिती जरा बरी. इथलं विद्यापीठ पॅसिफिकमधल्या बारा देशांचं मिळून आहे, त्यामुळे आमच्या क्लबात तुवालूचा, किरिबाटीचा, वानुआतूचा विद्यार्थी एकाच बाकावर बसतो. सुट्टीत घरी जाताना प्रत्येकाबरोबर आम्ही दोन पट देतो. अट एकच, पट परत आणायचे नाहीत. तुवालूचा एक मुलगा सांगत होता, फुनाफुटीच्या धावपट्टीवर संध्याकाळी व्हॉलीबॉल चालतो, विमान यायचं झालं की भोंगा वाजतो आणि सगळे बाजूला होतात. तिथेच कडेला तो पट मांडतो.

मुलींमध्ये सध्या एकच नाव, आपल्या नागपूरची दिव्या देशमुख. जुलैत बाटुमीला तिने कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा वर्ल्ड कप घेतला आणि त्याबरोबर ग्रँडमास्टरही झाली. मी त्याच राज्याची म्हटल्यावर माझा भाव वधारला. सांगली-नागपूर अंतर किती, ते मी काही सांगितलं नाही.

आता मुद्द्याचं. मार्च २०२४ मध्ये फिडेने दोन हजारांखालच्या सगळ्यांचं रेटिंग उचललं, तेव्हा एकही डाव न खेळता तुमचं १३१२ चं १५८७ झालं, आणि तुम्ही गल्लीत पेढे वाटलेत. वर्षभर खेळला नसाल तर नावापुढे निष्क्रिय अशी खूण असेल, पण आकडा जात नाही. तुम्ही, जोशीकाका, पाटीलसर आणि आपल्या बुद्धिबळ मंडळातले आणखी दोन रेटेड, असे पाच जण या. पाच पाहुणे आणि पाच इथले, प्रत्येकाने समोरच्या पाचही जणांशी खेळायचं. दिवसाला दोन डाव धरले तरी तीन दिवसांत आटोपतं. इथल्या पाचही जणांचे पाच-पाच रेटेड डाव एका स्पर्धेत पुरे होतात. पुढच्या आठवड्यात दुसरे पाच. तुम्ही हरलात तरी चालेल, पण मुद्दाम हरायचं नाही, पंच मी आहे.

भारतीय पासपोर्टला फिजीत आधी व्हिसा काढावा लागत नाही. सिंगापूरहून इथल्या नाडी विमानतळाला थेट विमान आहे, म्हणजे ऑस्ट्रेलियाची भानगड नको. मे ते सप्टेंबर हवा चांगली असते. आईलाही आणा, अळू निवडायला माणूस हवंच आहे. तिकिटाचं मी बघते. जोशीकाकांना डायबेटिस आहे, तेव्हा यांगोना त्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

येताना प्रत्येकाने रेक्झिनचे चार पट आणि दोन डिजिटल घड्याळं आणा. बॅटऱ्या काढून वेगळ्या ठेवा. मंडळाच्या कपाटात सरकलेल्या काट्यांची जुनी घड्याळं पडून असतील तर तीही विचारून बघा, दुरुस्त करणारा इथे एक आहे. पाटीलसर हो म्हणतात का, ते आधी कळवा. ते आले की बाकीचे येतील.

तुमची,
मनू