पाटीवर एक नाव राहून गेलं आहे

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मी अलिबाग तालुक्यातला. हायस्कुलात ३१ वर्षं चित्रकला शिकवली, आता निवृत्त आहे. नोकरीत असताना मुलांची सहल बहुतेक दरवर्षी राणीच्या बागेत न्यायचो. मुलांना वाघ आणि पेंग्विन बघायची घाई असे. मी मात्र आधी त्यांना भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातल्या दगडी हत्तीसमोर बसवायचो आणि वही उघडायला लावायचो.

हा हत्ती घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली. १८६४ साली तो उचलून इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे मुंबईत आणले गेले आणि १९१४ साली सांधून हत्ती पुन्हा उभा केला. मुलं रेखाटायला लागली की त्यांची पेन्सिल त्या सांध्यांवर अडायची. एकदा एका मुलीने विचारलं, "सर, ही भेग काढायची की नुसता हत्ती काढायचा?" मी म्हटलं, भेग आधी काढ.

मंत्रीमहोदय, मी आज लिहितो आहे ते त्या मुलीच्या प्रश्नामुळेच. प्रत्येक सार्वजनिक पुतळ्याखाली त्याच्या घडवणाऱ्याचं नाव आणि त्याची खरी हकीकत सांगणारी पाटी असावी, हे माझं मागणं आहे.

त्याच परिसरात, हत्तीपासून थोड्या अंतरावर, एकेकाळी मुंबईच्या चौकाचौकांत दिमाखात उभे असलेले साहेबांचे पुतळे आहेत. कॉर्नवॉलिस आहे, वेलस्ली आहे. १९६५ साली ते रस्त्यांवरून हलवले गेले. ते योग्यच झालं. स्वतंत्र देशाच्या चौकात परक्या सत्तेला मानाची जागा कशासाठी? राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या पैशातून १८७२ साली उभा राहिला. त्याला डांबर फासून गळ्यात चपलांची माळ कोणी घातली? दामोदर चापेकरांनी, १८९६ साली, आणि पुढे पकडले गेल्यावर तसं सांगितलंही. एका दगडावर एका संस्थानिकाची निष्ठा आणि पुण्याच्या एका तरुणाचा संताप, दोन्ही लागलेलं आहे. आपला इतिहास त्या दोघांचाही आहे. पण पुतळ्यासमोर उभ्या राहिलेल्या नववीच्या पोराला हे मी सांगितलं म्हणून कळलं. मी नसतो तर त्याने सेल्फी काढला असता आणि वाघाकडे गेला असता.

काळ्या घोड्याचं उदाहरण तर मुंबईकरांच्या रोजच्या बोलण्यातलं. सातव्या एडवर्डचा, तो युवराज असताना इथे येऊन गेला त्याची आठवण म्हणून, अल्बर्ट ससून यांनी दिलेला अश्वारूढ पुतळा. जोसेफ बोहमने घडवलेला, १८७९ साली बसवलेला. लोकांनी स्वाराकडे लक्षच दिलं नाही, जागेला घोड्याचं नाव दिलं. १९६५ साली घोडा आणि स्वार दोघेही राणीच्या बागेत गेले, तरी बसच्या पाटीवर आणि टॅक्सीवाल्याच्या तोंडी जागा काळा घोडाच राहिली. शेवटी २०१७ साली तिथे नवा घोडा आला, श्रीहरी भोसले यांच्या हातचा, आणि त्याच्या पाठीवर कोणीही नाही. राजा उतरवून घोडा ठेवायचा निवाडा लोकांनी कितीतरी आधी केला होता. मला ह्या नव्या घोड्याचं फार अप्रूप आहे. भेट झाली की आम्ही म्हातारे शिक्षक अजून त्याच्याबद्दल बोलतो.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं त्याकडे येतो.

गणपतराव म्हात्रे जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. विद्यार्थिदशेतच त्यांनी 'मंदिरपथगामिनी' घडवली. देवळाकडे निघालेली नऊवारीतली तरुणी, निरी इतकी मऊ की बोट लावून बघावंसं वाटतं. ह्याच म्हात्र्यांनी अहमदाबादसाठी व्हिक्टोरियाचा पुतळाही केला. मग तो पुतळा कोणाचा म्हणायचा? राणीचा, की म्हात्र्यांचा? माझ्या लेखी म्हात्र्यांचा. परक्यांच्या खुणा पुसायच्या अशी हाक अधूनमधून उठते. त्या खुणांमध्ये आपल्या माणसांचे हात किती आहेत हे आधी मोजलं पाहिजे.

आमच्या तालुक्यातलं सासवणे आपल्याला ठाऊक असेल. तिथे नानासाहेब करमरकरांचं घर आणि त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. अंगणातली त्यांची म्हैस बघून माझे विद्यार्थी दरवेळी दबकून थांबायचे. करमरकर पोरवयात भिंतीवर चित्रं काढायचे, ती कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेला पडली आणि त्यांनी मुलाला जे. जे.ला धाडलं. पुण्यातला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा ह्याच करमरकरांचा. त्याची कल्पना शाहू महाराजांची, पायाभरणी १९२१ साली इंग्लंडच्या युवराजाच्या हातून झाली, ओतकाम माझगाव डॉकमध्ये झालं आणि १९२८ साली अनावरण झालं. इंग्रज राज्यात, इंग्रज राजपुत्राने बसवलेल्या पायावर, एका मराठी शिल्पकाराने महाराज उभे केले, आणि आज जवळपास १०० वर्षांनंतरही ते तसेच उभे आहेत. घोड्याच्या मानेची शीर न् शीर बघावी. त्या कामाला वेळ दिला गेला होता.

आणि आता आजची गोष्ट. एका गावात, नाव सांगत नाही, काही वर्षांपूर्वी चौकात पुतळा बसला. फायबरचा. बोटाने टकटक केलं तर रिकाम्या पिंपासारखा आवाज येतो. साच्याचे दोन अर्धे जिथे जुळवले तो जोड कानामागून खांद्यापर्यंत उतरलेला दिसतो. दर जयंतीला सोनेरी ऑइलपेंटचा नवा हात बसतो. पापण्या कधीच बुजल्या. एका वादळात तलवारीचं टोक तुटलं, ते तारेने बांधलं आहे. खाली काळ्या ग्रॅनाइटची पाटी. त्यावर अकरा नावं आहेत: अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, स्वागतोत्सुक, निधी कोणाचा, संकल्पना कोणाची. मी मुलांना घेऊन गेलो होतो. एकाने सगळी पाटी मोठ्याने वाचली आणि विचारलं, "सर, ह्यातला बनवणारा कोण?"

बनवणाऱ्याचं नाव पाटीवर नव्हतं.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर २६ ऑगस्ट २०२४ला जे घडलं ते सबंध महाराष्ट्राने पाहिलं. ४ डिसेंबर २०२३ला अनावरण झालेला ३५ फुटी पुतळा ९ महिनेही टिकला नाही. कला संचालनालयाने मान्यता दिली होती ती ६ फुटी नमुन्याला, हे नंतर बाहेर आलं. त्या दिवशी आमच्या घरात जेवण गेलं नाही. महाराज कोसळलेले बघणं हे एक दुःख. दुसरं दुःख शिक्षकाचं: मूर्ती घडवायला किती काळ लागतो, माती सुकू द्यावी लागते, साचा घ्यावा लागतो, धातू ओतून जोड रेतून काढावे लागतात, आतला सांगाडा वाऱ्याच्या हिशेबाने बांधावा लागतो, हे आपल्याकडे कोणी विचारातच घेत नाही. तारीख आधी ठरते, माती नंतर मळली जाते. आता तिथे नवा, अधिक उंच पुतळा उभा आहे. तो शतकानुशतकं टिकावा अशी माझी प्रार्थना आहे.

माझं मागणं एवढंच. महाराष्ट्रातल्या प्रत्येक सार्वजनिक पुतळ्याखाली, जुना असो की नवा, साहेबाचा असो की आपल्या दैवताचा, मराठीत एक पाटी असावी. घडवणाऱ्याचं नाव पहिल्या ओळीत. मग ओतकाम कुठे झालं, पैसा कोणी दिला, पुतळा आधी कुठे होता, कोणी हलवला, कोणी डांबर फासलं, सगळं. चांगलं तेवढंच लिहायचं असं नको. पाटीचा मजकूर कला संचालनालय आणि पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांनी मिळून ठरवावा, आणि ज्या पाटीवर शिल्पकाराचं नाव नाही तिच्यासाठी सरकारी निधी सुटू नये. नव्या पुतळ्याच्या अनावरणाची तारीख शिल्पकाराने लेखी कळवल्याशिवाय जाहीर होऊ नये, असा नियमही आपण करू शकता.

राणीची बाग महापालिकेची, घारापुरी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, हे मला माहीत आहे. म्हणून कोणीतरी एकाने सर्वांना एका टेबलाशी बसवावं लागेल, आणि ते आपल्या खात्याचं काम आहे असं मला मनापासून वाटतं. हत्तीपासूनच सुरुवात करा. घारापुरीच्या धक्क्यावर उतरणाऱ्या माणसाला, ज्याच्यावरून बेटाचं नाव पडलं तो हत्ती आता कुठे आहे, तो तिथे का गेला आणि कसा फुटला, हे मराठीत वाचायला मिळू दे. तो हत्ती पुन्हा आपल्या बेटावर जावा असं माझं स्वतःचं मत आहे. सांध्यांना खाऱ्या हवेत धोका आहे असं तज्ज्ञ म्हणाले तर मी ते ऐकेन, पण एकदा प्रश्न तरी विचारला जावा.

पत्रासोबत एक वही पाठवतो आहे. माझ्या विद्यार्थ्यांनी सहलीत पाहिलेल्या १२ पुतळ्यांसाठी त्यांनी स्वतः पाट्या लिहिल्या होत्या. हत्तीची पाटी त्या भेगवाल्या मुलीची आहे, चौथ्या पानावर. अक्षर थोडं तिरकं आहे, पण वाचता येतं.

आपला नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
ता. अलिबाग, जि. रायगड