पेट्रोल झेनला डिझेलच्या स्प्रिंगा पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: 2001 सालच्या पेट्रोल मारुती झेनसाठी घेतलेला लोअरिंग (गाडी खाली बसवणाऱ्या) स्प्रिंगांचा सेट परत घेऊन पैसे देण्याबाबत

महोदय,

पंचवीस वर्षांची गाडी खाली बसवायची म्हणजे थोडा वेडेपणाच, हे आधीच मान्य करतो. बोपदेव घाटात माझी झेन वळणावर फार कलते, ते कमी व्हावं आणि मडगार्डखालची पोकळी जरा भरावी, एवढीच इच्छा होती. जमिनीला टेकवायची हौस मला नाही. आमच्या सोसायटीच्या फाटकातला स्पीडब्रेकर पाहिलात तर तुम्हालाही राहणार नाही. म्हणून तुमच्या यादीतला सगळ्यात सौम्य, 30 मिमी खाली बसवणारा सेट निवडला.

ऑर्डर देण्याआधी मी तुम्हाला तीन प्रश्न लेखी विचारले होते. स्प्रिंगचा रेट, म्हणजे कडकपणा, किती? दाब नसतानाची मोकळी लांबी किती? आणि हा सेट पेट्रोलचा की डिझेलचा? तिन्हींना मिळून एकच उत्तर आलं: "सर, बिनधास्त टाका, सगळ्या झेनला बसतात." बसतात हे खरंच आहे. वीटसुद्धा बसेल. माझा प्रश्न गाडी किती खाली येईल आणि किती कडक होईल, हा होता.

पेट्रोल झेनला 993 सीसीचं हलकं ॲल्युमिनियमचं इंजिन, डिझेल झेनला प्यूजोचं 1527 सीसीचं. डिझेलचं नाक जड, म्हणून तिच्या पुढच्या स्प्रिंगा जास्त कडक. हे नाना पेठेत स्पेअर पार्ट विकणारा पोरगाही गिऱ्हाइकाला आधी विचारून घेतो.

फिटिंग मी नाना पेठेतच करून घेतलं. मेकॅनिकने पुढचा स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपची जोडी) काढून जुनी आणि नवी स्प्रिंग शेजारी शेजारी उभी केली, तेव्हाच त्याची भुवई वर गेली. वेढे तितकेच, घेर तोच, पण तार डोळ्यांना कळेल इतकी जाड. जाडी मोजायचा व्हर्निअर लावला तर रंगाचा थर वजा धरूनही पाऊण मिमीच्या वर फरक. तुम्हाला हे सांगायला नको, पण तुमच्या फोनवरच्या माणसाला सांगा: स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी सगळं तेच ठेवून दहाची तार अकराची केली, तर स्प्रिंग सुमारे 46 टक्के कडक होते. मग प्लास्टिकचं वेष्टण पूर्ण सोललं, तर आतल्या वेढ्यावर चिकटलेली चिठ्ठी मिळाली: "झेन डी", म्हणजे डिझेल. फोटो जोडला आहे.

तिथेच थांबायला हवं होतं, ही चूक माझी. तुमच्या माणसाला फोन लावला, तो म्हणाला, चिठ्ठीकडे बघू नका, टाका. टाकल्या. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून मोजलं: पुढे गाडी 8 मिमी खाली आली, मागे 52 मिमी. मार्केट यार्डातून कांद्याची चार पोती डिकीत भरून आणल्यासारखी ती उभी राहते. झेनच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 2335 मिमी, म्हणजे नाक जवळजवळ एक अंश वर गेलं. रात्री घाटात माझा लो बीम समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि येणारा प्रत्येक जण डिपर मारतो. मागे दोन माणसं बसली की प्रत्येक खड्ड्यात बंप स्टॉपरवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, धाड. माझ्या आईने दोन फेऱ्यांनंतर मागे बसणं सोडलं, आता ती रिक्षाने जाते. पुण्यात एखादं माणूस आपणहून रिक्षा पत्करतं, यावरून तुमच्या मालाची कल्पना यावी.

सर्वांत काळजीची गोष्ट वेगळीच आहे. मागचं चाक जॅकवर लटकवलं की तुमची स्प्रिंग आपल्या बैठकीत, म्हणजे टेकायच्या जागेत, सैल होते, दोन बोटांनी फिरते. शॉकअप पूर्ण लांबला तरी स्प्रिंग दाबाखाली राहायला हवी, इतकं साधं गणित कुणी केलेलं दिसत नाही. वेगात एखाद्या उंचवट्यावरून चाक उचललं आणि खाली येताना ती तिरकी बसली तर काय, याचं उत्तर मला लेखी हवं आहे.

तक्रार केल्यावर सांगण्यात आलं की 500 किलोमीटर चालवा, सेट होतील. मी 1100 चालवली, पुढची उंची 2 मिमी उतरली. चांगली स्प्रिंग कारखान्यातच पूर्ण दाबून सेट करून घेतलेली असते, ती गिऱ्हाइकाच्या गाडीत सेट करायची नसते. त्यानंतर सल्ला आला की पुढचा एक वेढा कापून टाका. वेढे कमी केले की स्प्रिंग आणखी कडक होते, महोदय. शिवाय कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही ते वेगळंच.

शेवटी "एकदा फिट केलेला माल परत घेतला जात नाही". अशा पाट्या वाचतच आम्ही पुण्यात लहानाचे मोठे झालो, त्यामुळे दचकलो नाही. फिट न करता गाडी किती खाली येते हे कसं बघायचं, तेवढं कळवा. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(47) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे.

सेटचे 14,800 रुपये, दोनदा केलेल्या फिटिंगचे 4,400 आणि दोन अलाइनमेंटचे 1,200, असे एकूण 20,400 रुपये पंधरा दिवसांत परत करावेत. बदली सेट नको. तुमच्या यादीतल्या झेनच्या पानावर पेट्रोल आणि डिझेल वेगळं लिहा, नाहीतर हीच गंमत पुढच्या माणसाबरोबर होईल. पैसे आले नाहीत तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

जुन्या स्प्रिंगा मी परत बसवल्या आहेत. तुमच्या चारही गोणपाटात बांधून गॅलरीत ठेवल्या आहेत, चिठ्ठी अजून चिकटलेली आहे. न्यायला माणूस पाठवताना आधी फोन करावा, आणि तो शक्यतो झेन ओळखणारा असावा.

आपला,
एक ग्राहक
कोथरूड, पुणे

सोबत: बिलाची प्रत, ईमेलची प्रत, चिठ्ठीचा आणि मोजमापांचे फोटो, गॅरेजची पावती