त्या लाल ट्रकचा अॅडव्हान्स अजून पाठवू नकोस

अरे सोन्या,

काल रात्री तू पाठवलेले फोटो बघितले, तीनदा बघितले. लांब नाकाचा पीटरबिल्ट ३८९, लालभडक रंग, पुढे आरशासारखा क्रोमचा बंपर, दोन्ही बाजूंना उंच सायलेन्सर. मस्तच दिसतोय, खोटं कशाला बोलू. बाबांना दाखवला तर नुसतं हं म्हणाले आणि चहा करायला गेले, त्यांचं हं म्हणजे काय ते तुला माहितीये. फोनवर तुम्ही दोघं दोन मिनिटात भांडायला लागता म्हणून मीच लिहितेय. मी ट्रक चालवला नाही कधी, पण आपल्या ट्रकचं एकूण एक बिल ११ वर्षं मीच लावून ठेवलंय, त्यामुळे कुठे किती गेले ते माझ्याइतकं बाबांनाही आठवत नाही.

आधी त्या लालचंच बोलू. जाहिरातीत २०१० मॉडेल लिहिलंय आणि तू म्हणतोस कॅलिफोर्नियात २०१० चालतं. अरे वर्ष बघतात ते इंजिनचं, ट्रकचं नाही! २०२३ च्या १ जानेवारीपासून इथे २०१० किंवा त्याच्या नंतरचं इंजिन लागतं, आणि ट्रकच्या मॉडेलपेक्षा इंजिन बरेचदा एक वर्ष जुनं निघतं. मी फोटो मोठा करून करून बघितला, निळ्या झाकणाची डीईएफची टाकी, म्हणजे धूर स्वच्छ करायला जे द्रव लागतं त्याची, मला कुठेच दिसली नाही, म्हणजे इंजिन जुनंच असणार, तिथेच पाल चुकचुकली. इंजिनवर एक स्टिकर असतो त्यावर वर्ष छापलेलं असतं, त्याचा फोटो माग, टाळाटाळ केली तर विषय संपला. तो विकणारा टेक्सासवाला आठ हजार डॉलर कमी सांगतोय ते काय तुझ्यावर माया आली म्हणून? आपला पहिला ट्रक २००९ चा होता, २०२२ च्या डिसेंबरात बाहेरच्या राज्यातल्या माणसाला मिळेल त्या भावाला देऊन टाकला ते विसरलास का.

त्या पहिल्या ट्रकचं तुला अर्धंच माहितीये, तू शाळेत होतास. २०१४ साली घेतला. आम्ही सकाळी आठला पोचलो तर डीलरने इंजिन आधीच चालू करून गरम करून ठेवलेलं, म्हणाला तुम्हाला थांबायला लागू नये म्हणून, आणि आम्हाला काय वाटलं, किती चांगला माणूस! वरून कीर्तन आतून तमाशा. ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग, आतून गळत होता, कूलंट इंजिनात जात होतं, थंड इंजिन चालू करताना पांढरा धूर दिसला असता तो गरम इंजिनात दिसलाच नाही. नऊ आठवड्यांनी आय ८० हायवेवर डॉनर घाटाचा चढ चढताना गाडी बसली. टोइंग धरून १४ हजार डॉलर, वर तीन आठवडे गाडी गॅरेजात आणि हप्ता मात्र चालू. मामाच्या मुलीच्या लग्नाला कराडला जायची तिकिटं काढायची होती ते पैसे त्यात गेले. तुला सांगितलं होतं सुट्टी मिळत नाही म्हणून.

म्हणून गाडी बघायला जाशील तेव्हा आदल्या दिवशी सांगायचं, इंजिनला हात लावू नका, मी आल्यावर चालू करीन. गेल्यावर पहिल्यांदा इंजिनवर हात ठेवून बघायचा, कोमट लागलं तर सरळ घरी यायचं. चालू केल्यावर धूर बघ, मग चांगली गरम झाली की ऑइल भरायचं झाकण काढून तिथेच उलटं ठेव, नाचून खाली पडलं तर आतल्या रिंगा गेल्यात. ऑइलचं सँपल लॅबला पाठव, त्यात कूलंट, डिझेल, लोखंडाचा चुरा सगळं कळतं आणि खर्च म्हणशील तर एका वेळच्या जेवणाएवढा. आणि इंजिनच्या कॉम्प्युटरचा रिपोर्ट काढून घे. त्यात नुसते माइल्स बघू नकोस, इंजिन किती तास चाललं ते पण बघ, माइल्स कमी आणि तास भरपूर म्हणजे गाडी रात्र रात्र उभ्याने धडधडत होती. बाबा कळंबोलीला जुन्या गाड्या बघायला जायचे ना, तेव्हा आधी गाडीखाली आडवे व्हायचे, वरचा रंग शेवटी. इथेही तेच, बर्फाच्या राज्यांत रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने चासी आतून फुगते आणि वरून काळा रंग मारला की नवी दिसते.

आणि कोणी म्हणालं डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काढून टाकू, कटकट जाईल, तर अजिबात ऐकू नकोस, ते बेकायदा आहे.

आता पैशाचं. तुझ्याकडे ४० हजार डॉलर साठलेत, दोन वर्षं कंपनीची गाडी चालवून साठवलेत, मला कौतुक आहे. पण सगळे डाऊन पेमेंटला घालून हप्ता कमी करायचा तुझा प्लॅन मला नाही पटला. इंजिन उघडून पूर्ण ओव्हरहॉल करायचं तर २५-३० हजाराखाली कोणी बोलत नाही. निदान १५-२० हजार वेगळ्या खात्यात ठेव आणि ते नाहीतच असं समज. इन्शुरन्सचं कोटेशन ट्रक घ्यायच्या आधी काढ, कायद्याला साडेसात लाख डॉलरचा पुरतो पण माल मिळवून देणारे ब्रोकर लोक दहा लाखाचा मागतात, आणि नव्या माणसाचा प्रीमियम बघून तुझे डोळे पांढरे होतील. जड गाड्यांच्या वर्षाच्या टॅक्सचे, त्या २२९० फॉर्मचे, ५५० डॉलर वगैरे तर आहेतच.

लांब नाकाचा अजून एक हिशोब, त्याला हवा अडते म्हणून डिझेल जास्त जातं. वर्षाला १ लाख माइल्स धर, गॅलनला ६ माइलचा मायलेज आणि ७ चा मायलेज यात जवळजवळ २४०० गॅलनचा फरक पडतो, ४ डॉलरने साडेनऊ हजार होतात आणि इथे डिझेल त्याहून महागच असतं. तेवढ्याचं क्रोम मिरवायचंय का?

आता एक गंमत सांगते, बाबांना कळू देऊ नकोस. त्यांनी सॅक्रामेंटोला तुझ्यासाठी एक बघून ठेवलाय. २०१९ चा कॅस्केडिया, डीडी १५ इंजिन, ५ लाख २० हजार माइल्स, एकाच कंपनीकडे होता आणि सर्व्हिसचे सगळे कागद आहेत. पांढरा आहे, दिसायला अगदी फ्रीजसारखा, त्यामुळे तू नाक मुरडणार म्हणून ते बोलत नाहीयेत. तो पण चांगलाच असेल असं मी म्हणत नाही, त्याचंही झाकण उलटं ठेवूनच बघायचं.

शनिवारी ये. सकाळी सहाला निघालात तर इंजिन थंड असताना पोचाल, थालीपीठं मी बांधून देते. आणि बाबांना तूच फोन करून विचार, बाबा एखादी गाडी बघायला याल का म्हणून, मी काही लिहिलंय ते सांगू नकोस.

आई