आधी मीटर लावा, मग पार्ट बदला

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या डिसेंबरात एका पहाटे साडेतीनच्या सुमारास मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या भरून ठेवलेली आमची 2008 सालची डिझेल पिकअप फुरसुंगीतल्या घरासमोरच अडली. चावी फिरवली की 'टक' असा एकच आवाज येई, डॅशबोर्डवरचे दिवे विझत आल्यासारखे मंद होत आणि सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, जागचा हलत नसे. पाचसहा जणांनी धक्का मारून उतारावर आणली तेव्हा ती पहिल्या झटक्यात सुरू झाली, पण गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोहोचेपर्यंत आमच्या गाळ्यावरची चांगली गिऱ्हाइके माल घेऊन गेलेली होती. जुन्या मालवाहू गाड्यांवर घर चालवणारी आमच्यासारखी असंख्य कुटुंबे पुणे आणि आसपासच्या गावांत आहेत, म्हणून पुढे काय घडले ते सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या गॅरेजमध्ये लक्षण ऐकताच बॅटरी संपल्याचे सांगण्यात आले आणि साडेसात हजारांची नवी बॅटरी बसवली गेली. गाडी चार दिवस उत्तम चालली आणि पाचव्या पहाटे पुन्हा तोच 'टक' आवाज आला. मग सेल्फ उतरवला गेला, त्याचे कार्बन ब्रश बदलले, सोलेनॉइड (चावी फिरवली की सेल्फला प्रवाह जोडणारा विद्युत स्विच) नवा टाकला, आणि आठवडाभरात दुखणे परत आले तेव्हा आर्मेचर (सेल्फमधला तारा गुंडाळलेला फिरता भाग) नव्याने भरून घेण्याचा सल्ला मिळाला. या सगळ्या काळात गाडीला एकदाही मीटर, म्हणजे व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर, लावला गेला नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. कारागिराच्या हेतूविषयी मला शंका नाही. सकाळपासून दारात पाच गाड्या उभ्या असलेला माणूस अंदाजाने काम करतो, मात्र त्या अंदाजाची किंमत गाडीमालकाला मोजावी लागते.

शेवटी एका वयस्कर वायरमनकाकांनी दहा मिनिटांत दोष दाखवून दिला. त्यांनी आधी उभ्या गाडीची बॅटरी मोजली, ती 12.6 व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली होती. सेल्फ मारताना ती 11 व्होल्टच्या खाली उतरली नाही, याचा अर्थ बॅटरी निर्दोष होती. (याच वेळी हा आकडा साधारण साडेनऊच्या खाली कोसळला, तर मात्र बॅटरीवर संशय घेणे योग्य आहे.) मग त्यांनी मीटरची एक वायर बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर टेकवली आणि मला चावी फिरवायला सांगितले. हा आकडा 0.2 व्होल्टच्या आसपास, फार तर अर्ध्या व्होल्टपर्यंत असायला हवा, तो आमच्या गाडीत 3 च्या वर गेला. बॅटरीपासून इंजिनपर्यंतच्या परतीच्या वाटेतच 3 व्होल्ट जिरत होते आणि सेल्फला उरलेल्या दाबावर जोर लावावा लागत होता.

काका गाडीखाली गेले आणि गिअरबॉक्सपासून चासीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) जोडलेली अर्थिंगची, म्हणजे प्रवाह बॅटरीकडे परत नेणारी, विणलेली पट्टी सोडवून घेऊन आले. वरून ती धड दिसत होती. बोटांनी पिळल्यावर मात्र तिच्यातून हिरवट पांढरी भुकटी गळू लागली, आणि बोल्टखालची बाजू गंजाने पार खडबडीत झालेली होती. पालेभाजी ताजी राहावी म्हणून आम्ही जुड्यांवर पाणी मारतो, ते हौद्याच्या फटींतून वर्षानुवर्षे नेमके त्या पट्टीवर झिरपत होते. अ‍ॅक्सिलरेटरची केबल मध्यंतरी दोनदा कडक झाली होती आणि एकदा तिचे आवरण हाताला गरम लागले होते, त्याचा उलगडाही तेव्हाच झाला. नेहमीची वाट बंद झाल्यावर विद्युतप्रवाह त्या बारीक केबलमधून परतत होता.

हा दोष लपतो कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. वायरमध्ये वीज आहे का ते पाहण्याच्या छोट्या दिव्याला, म्हणजे टेस्ट लॅम्पला, जेमतेम अर्धा-एक अँपिअर प्रवाह लागतो, त्यामुळे कुजलेल्या पट्टीवरही तो लख्ख पेटतो आणि अर्थिंग ठीक असल्याचा भास होतो. डिझेल गाडीचा सेल्फ मात्र सुरुवातीला 200 अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह ओढतो. त्या प्रवाहाच्या वाटेत एका ओहमच्या शंभराव्या भागाइतका विरोध असला, तरी 2 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. म्हणून हे मोजमाप चावी फिरवलेली असतानाच घ्यावे लागते. नवी बॅटरी चार दिवस का चालली, याचेही उत्तर यातच आहे. ताज्या बॅटरीच्या जोरावर तो विरोध काही काळ झाकला गेला, आणि पहाटेच्या गारठ्यात बॅटरीची ताकद घटून इंजिनचे तेल घट्ट झाले की तो पुन्हा उघडा पडला.

सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पकडत नाही, ही तक्रार पूर्णपणे वेगळी आहे आणि तिथे बॅटरी बदलणे निरर्थक ठरते. अशा वेळी सायलेन्सरकडे पाहावे. पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोहोचते आहे पण पेटत नाही, मग ज्या इंजिनांना हीटर प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे प्लग) आहेत त्यांचे हीटर आणि त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला हवेचा दाब, तपासावे. धूर मुळीच नसेल तर डिझेलच पोहोचत नाही. चावी चालू करताच पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडचा (डिझेलचा पुरवठा चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेचा) हलका आवाज येतो का, हे कान देऊन ऐकावे. अनेकदा त्याची वायर निसटलेली असते. तो आवाज येत असेल, तर फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (आतली हवा बाहेर काढण्याचा स्क्रू) सैल करून हातपंप मारावा आणि बुडबुडे येतात का ते पाहावे. रात्रभर उभी राहिलेली गाडीच तेवढी सकाळी त्रास देत असेल, तर चिरलेल्या रबरी पाइपातून किंवा पुन्हा वापरलेल्या तांब्याच्या वॉशरमधून हवा शिरून डिझेल टाकीकडे उतरलेले असण्याची शक्यता मोठी असते. दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ सेल्फ मारत राहू नये, कारण तो तापून जळतो आणि एका दोषाचे दोन होतात.

माझी मागणी साधी आहे. गॅरेजवाल्यांनी बॅटरी, सेल्फ किंवा बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बदलण्याआधी चार आकडे मोजावेत आणि ते बिलावर लिहून द्यावेत: उभ्या गाडीचे व्होल्ट, सेल्फ मारतानाचे व्होल्ट, अर्थिंगच्या वाटेत पडणारे व्होल्ट आणि इंजिन चालू असतानाचे चार्जिंगचे व्होल्ट, जे साधारण 13.8 ते 14.4 असायला हवेत. साधा मल्टिमीटर चारपाचशे रुपयांत मिळतो आणि या कामाला पाच मिनिटे पुरतात. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकलेल्या मुलांना हे मोजमाप अवघड नाही. गिऱ्हाईक आकडा मागत नाही, म्हणून ते मागे पडते. ज्या मालकांच्या गाड्या दहा-पंधरा वर्षांच्या झाल्या आहेत, त्यांनी तो आकडा आग्रहाने मागावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नवी पट्टी साडेतीनशे रुपयांना पडली. ती बसवल्यावर घेतलेले आकडे मी गाडीच्या कागदपत्रांसोबत लिहून ठेवले आहेत: उभ्या गाडीचे 12.6, सेल्फ मारताना 10.6, अर्थिंगला 0.15 आणि चार्जिंगला 14.1. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही ते पुन्हा मोजतो.

आपला,
एक पिकअपमालक, फुरसुंगी, जि. पुणे