पहिल्या पावसातल्या मासोळ्या

संपादक साहेब, नमस्कार.

माझा पुतण्या कॅनडात असतो, त्यानं परवा व्हिडिओ पाठवला. हायदा ग्वाय म्हणून बेटं आहेत पार अलास्काच्या खालच्या अंगाला, २०१० पर्यंत नकाशात क्वीन शार्लट लिहायचे, बोटीनं नाहीतर विमानानंच जावं लागते. तिथं समुद्रात गरी टाकून पोट्ट्यानं चिनूक सॅमन धरला. ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर भरला की त्याला टायी म्हणतात, मोठा मान त्याचा. पण मला नवल वाटलं ते पुढचं. मासा बोटीत येताच यानं ओल्या हातानंच लायसन काढलं अन् तारीख-जागा तिथल्या तिथं पेनानं लिहिली. आजूबाजूला माणूस नाही, पाहणारं कोण? म्हणे काका, नियमच आहे, ४५ सेंटिमीटरच्या आतला चिनूक सोडावा लागते, अन् त्याचं तोंड फाटू नये म्हणून गरीला उलटा काटा चालत नाही. (पैसे भरून धरायचा अन् सोडून द्यायचा, हे आईला सांगितलं त ती म्हणे, याईले काही कामधंदा नाही का.)

तो सॅमन अंडी घालायला समुद्रातून नदीत चढतो, जन्मात एकदाच, मंग मरतो. आमच्या मामा तलावातही (म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावात) आषाढात पहिलं पाणी आलं की मासोळ्या सांडव्याकडून नाल्यानं वर चढतात, पोटात गाभोळी घेऊन, अन् तिथंच तालुक्याचे शौकीन पोट्टे पाठीवर बॅटरी अन् दोन बांबूले तार बांधून उभे राहतात. मागच्या साली मी डोळ्यानं पाहिलं, करंट सोडला की पाणी पांढरं पडते, मोठ्या मासोळ्या पोत्यात जातात अन् बोटाएवढ्या पिलांचा काठावर खच पडते, कावळेही खाऊन खाऊन थकतात.

ढिवर भावांवर, म्हणजे आमच्या मासेमार समाजावर, बोट ठेवू नका राजेहो, त्याईचं पोट आहे त्यावर, तलावाचा ठेका त्याईच्या सोसायटीचा, बीज टाकते सोसायटी अन् नेतात हे हौशी. समुद्रात १ जूनपासून मासेमारी बंद होते म्हणतात, आमच्या तलावाले कोण विचारते? ग्रामपंचायतीत दोनदा अर्ज दिला, पोच आहे, उत्तर नाही.

निदान आषाढातले पंधरा दिवस सांडव्यावर एक माणूस बसवा. बॅटरीवाल्यांचे फोटो माझ्या मोबाईलमध्ये आहेत, गाड्यांचे नंबरही दिसतात, कोणी मागितले त देतो.

आपला एक वाचक, जि. भंडारा